पट्टेवाल्यावरचा आळ

सतीशभाऊंनी उजवी बाही खांद्यापर्यंत दुमडली, माशांच्या टाकीवरचं जाळीचं झाकण उचलून सोफ्याला टेकवून ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, हा इथं राहिला तर आठवडाभरात मरेल. शेपटी बघा त्याची."

मी वाकून पाहिलं. नवरदेव नावाच्या त्या माशाच्या शेपटीचा एक कोपरा खरंच फाटलेला होता.

"कोण मारतंय त्याला?" मागून आईंनी विचारलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. टाकीला लागून त्यांची वेताची खुर्ची असायची, तिथूनच त्या बोलल्या.

"पट्टेवाला."

"मी दिवसभर इथंच असते. मला तर दिसलं नाही."

"सकाळी दिवे लागले की पहिल्या अर्ध्या तासात चालतं हे सगळं," सतीशभाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले. "तेव्हा तुम्ही पूजेत असता, आई."

आईंनी पुढे वाकून पाण्यात पाहिलं. मग म्हणाल्या, "मारतो तो, आणि घर सोडायचं यानं?"

सतीशभाऊ हसले. पट्टेवाला खडकांच्या फटींत राहतो, त्याला बाहेर काढायचं तर सगळे खडक उपसावे लागतील, आणि खडक हलवले की शिरीषनं वर्षानुवर्षं वाढवलेले प्रवाळ मोडतील, असं त्यांनी सांगितलं. त्यापेक्षा मार खाणाऱ्यालाच काढलेलं बरं. मला ते पटलं. त्या काळात सतीशभाऊंचं मला सगळंच पटत होतं. त्यांनी खाद्य ठेवलेला एक पारदर्शक डबा पाण्यात सोडला, नवरदेव आत शिरताच दोरी ओढून दार पाडलं आणि त्याला पिशवीत घालून घेऊन गेले.

शिरीषला जाऊन तेव्हा तीनेक महिने झाले असतील. शिरीष माझा नवरा. सातपूरच्या एका कारखान्यात तो डिझाइनच्या कामाला होता. समुद्रापासून इतक्या लांब, नाशिकमध्ये, आमच्या दिवाणखान्याच्या अख्ख्या भिंतीला लावून त्यानं समुद्र मांडला होता. मीठ कालवलेलं पाणी, खडक, खडकांवर प्रवाळ, आणि त्यांतून फिरणारे पाच रास. रास ही माशांची जात. अंगानं सडपातळ, रंगानं झगझगीत आणि स्वभावानं भलते मानी. एकाच रंगरूपाचे दोन नर एकत्र ठेवले तर एक मेल्याशिवाय दुसऱ्याला चैन नाही. बुजरे आधी सोडायचे, दांडगे शेवटी. नवा मासा आणला की तो टाकीतच एका जाळीच्या पेटीत पंधरा दिवस ठेवायचा, म्हणजे सगळे एकमेकांना बघून घेतात. शिरीष हे असं एकेक जमवत गेला होता. "आपलं लग्न जमायलासुद्धा इतका वेळ लागला नव्हता," असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

माशांना नावं आईंनी दिली. त्या येवल्याच्या, विणकरांच्या घरातल्या. पाठीवर जांभळी झाक आणि पोटाला केशरी काठ असलेल्या माशाला त्या पैठणी म्हणत. अंगभर ठिपके असलेली बुट्टी. पिवळाजर्द तो हळद्या. पाठीवरचा पंखा उभारून सारखा मिरवायचा तो नवरदेव. आणि सगळ्यांत लहान, जांभळ्या अंगावर नारिंगी रेघा असलेला पट्टेवाला. तो टाकीभर इकडून तिकडे सतत लगबगीनं हिंडायचा, साहेबांच्या फायली पोचवत असल्यासारखा. शिरीषनं त्याला मुद्दाम सगळ्यांत शेवटी आणला होता. या जातीचा मासा भांडकुदळ म्हणून बदनाम आहे, पण उशिरा येणारा पाहुण्यासारखा वागतो, असं त्याचं म्हणणं. आणि पट्टेवाला तसाच वागला.

शिरीष मार्च महिन्यात गेला. कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत, हात धुवायला उठला तो खाली कोसळला. आम्हाला मूलबाळ नव्हतं. धाकटे दीर प्रमोद जळगावला असतात. दिवसकार्य झाल्यावर ते आईंना घेऊन जायला निघाले होते, बॅगसुद्धा भरली होती. आईंनी ती परत उघडली. "मी इथंच राहते," एवढंच म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात होते, मला ते ऐकू आलं आणि रडू फुटलं. ही बाई माझ्यासाठी राहिली, असं मला वाटलं. त्या आधाराचा मला किती उपयोग झाला, ते सांगता यायचं नाही. बँकेतून घरी यायचं, तर दारात कुणीतरी असायचं.

आणि रविवारी सतीश खैरनार यायचे. शिरीषचा कॉलेजपासूनचा मित्र, माशांचं वेड दोघांनाही एकाच वेळी लागलेलं. तेराव्याला जेवायला आले तेव्हा त्यांनीच टाकीकडे बघून विचारलं होतं, पाणी कोण घालतंय. कुणीच घालत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी ते अंगावर घेतलं. पाणी बदलणं, मीठ तपासणं, काच पुसणं, सगळं. काम संपलं की चहा घेत शिरीषच्या जुन्या गोष्टी सांगायचे. बाकीचे लोक शिरीषचं नाव निघालं की उसासे टाकत. सतीशभाऊ हसवायचे. मी रविवारची वाट बघायची.

नवरदेव गेल्यानंतर काही आठवड्यांनी हळद्या गेला. तोही मार खातोय, असं ते म्हणाले. दोघांना घरी वेगवेगळ्या टाक्यांत एकेकटं ठेवलंय, बरे झाले की बघू. त्याच दिवशी जिन्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा आवाज खाली आणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आई दिवसभर काचेला खेटून बसतात, काचेवर बोट फिरवतात, बोलतात. माशांना ते सोसत नाही. कुणीतरी सतत समोर असलं की ते बिथरतात आणि राग एकमेकांवर काढतात. "त्यांना दुखवू नका, पण खुर्ची जरा गॅलरीकडे सरकवता आली तर बघा."

मी तसं आईंना सांगितलं. जमेल तितकं गोड बोलून सांगितलं. गॅलरीत हवा येते, समोर गुलमोहर आहे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सतीश म्हणाला का?"

"हो."

"मग असेल तसं," म्हणाल्या, आणि मी पुढे होईपर्यंत खुर्ची स्वतःच ओढत गॅलरीत घेऊन गेल्या. फरशीवर खुर्चीच्या पायांचा आवाज झाला तेवढाच. दुपारचं खाद्य आधी त्याच घालायच्या, तेही त्यांनी सोडलं. मग मीच बँकेत जाताना घालू लागले.

पावसाळा सरत आला तेव्हा बुट्टी गेली. एका रविवारी सकाळी, रात्रभर वाळूत झोपलेली ती वर आली, तेव्हा तिच्या कल्ल्याजवळ ओरखडा होता म्हणे. मला तो दिसला नाही, सतीशभाऊंनी दाखवला तेव्हा दिसल्यासारखा वाटला. ते गेल्यावर आई स्वयंपाकघरात आल्या. मी कपबशा विसळत होते.

"शुभदा, एक सांगू?"

"सांगा ना."

"तू चहा करत होतीस, तेव्हा पट्टेवाला डब्यात शिरला होता. पहिला तोच शिरला. सतीशनं दार वर करून त्याला बाहेर घालवलं. मी गॅलरीतून बघत होते."

मी नळ बंद केला. म्हटलं, काहीतरी कारण असेल, त्यांना त्यातलं कळतं. आई म्हणाल्या, कारण असेलच, ते काय, एवढंच मला कळत नाही. मला त्या बोलण्याचा राग आला. एक माणूस आपला रविवार मोडून येतो, एक पैसा घेत नाही, आणि त्याच्यावर गॅलरीतून पाळत ठेवायची, हे मला फार हलकं वाटलं. मी तसं बोलले नाही.

पैठणी न्यायला सतीशभाऊ आले तेव्हा आई गॅलरीतून उठून आल्या आणि टाकीसमोर उभ्या राहिल्या. पंचाहत्तरीची, माझ्या खांद्याला लागणारी बाई. म्हणाल्या, "हिला नाही न्यायचं."

"आई, तिचे हाल होतायत," सतीशभाऊ म्हणाले.

"कुणी हाल करत नाही. ते पाठलाग करतात, फिरतात, पंखे उभारतात. खेळतात ते. शिरीष होता तेव्हाही असंच होतं."

"तुम्हाला ते खेळणं वाटतं."

आई हलल्या नाहीत. सतीशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, काय करू, असं विचारल्यासारखं. मला शरम वाटली. मी म्हणाले, "आई, तुम्हाला यातलं कळत नाही. हे सगळं आता मला सांभाळायचंय. मला सांभाळू द्या."

त्या बाजूला झाल्या. पैठणी डब्यात यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ त्या आतल्या खोलीत देवासमोर बसून होत्या.

त्याच आठवड्यात त्यांनी प्रमोदला फोन करून बोलावून घेतलं. मी थांबवायचा प्रयत्न केला. नातवंडांत रमेन जरा, असं त्या म्हणाल्या. रिक्षात बसताना मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी गेल्यावर तरी भांडणं थांबतात का, बघ."

दिवाळी आली. मला सण करायचा नव्हताच, पण सतीशभाऊंच्या उपकाराची काहीतरी परतफेड करावी, म्हणून मी घरी चकल्या आणि अनारसे केले. ते त्या दिवशी कामासाठी बाहेर असतील, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या घरी मी शिरीष असतानाच काय ती गेले होते. नंतर जायचा विषय निघाला की ते म्हणत, घर रंगवायला काढलंय, सगळा पसारा आहे. दुपारी डबा घेऊन गेले, तर दार उज्ज्वलानं उघडलं. त्यांची बायको. भाबडी, बोलकी बाई. तिला कोण आनंद झाला. आत या, आत या, म्हणत तिनं मला थेट हॉलमध्ये नेलं.

नवी टाकी होती. आमच्याहून मोठी. तिच्यात चौघंही होते.

नवरदेव पाठीवरचा पंखा उभारून पैठणीच्या भोवती फिरत होता. शेपटीचा कोपरा कधीच भरून आलेला. बुट्टी वाळूत तोंड खुपसून काहीतरी टिपत होती. हळद्या तिच्या मागे मागे, ती काय उकरते ते पळवायला. एकमेकांना घासून जात होते, कुणी कुणाला काही करत नव्हतं. मध्ये काच नव्हती, जाळी नव्हती.

"किती गुण्यागोविंदानं राहतात ना?" उज्ज्वला म्हणाली. "आल्या दिवसापासून असेच. शिरीषभाऊजींनी एकत्र वाढवलेले, त्याचाच गुण. तुम्ही ते देऊन टाकलेत तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं हो, वहिनी. पण हे म्हणाले, वहिनींना ते मासे बघवत नाहीत, डोळ्यांसमोर नकोत म्हणतात. खरंच आहे. मलाही नसते बघवले."

मी काय बोलले, आठवत नाही. बहुतेक हो म्हणाले. ती चहा ठेवायला आत गेली. मी तिथंच उभी होते, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली आणि सतीशभाऊ आत आले. हातात मिठाईचा पुडा होता. मला बघून तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

आत उज्ज्वला भांड्यांचा आवाज करत होती. ते माझ्याजवळ आले, पण माझ्याकडे न बघता टाकीकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडे ते वर्षभरसुद्धा जगले नसते, वहिनी."

"मग तसं सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर दिले असतेत?"

"नसते दिले."

"म्हणून," ते म्हणाले. जणू हिशोब माझ्याच तोंडून पुरा झाला. मग म्हणाले, "ती पैठणी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे आधी मी बघितली होती. शिरीषला फोन करून सांगितलं, तर तो पहाटेच जाऊन घेऊन आला. मला म्हणाला, तू येऊन बघावीस म्हणूनच ठेवलीय ना मी. इतकी वर्षं मी रविवारी यायचो ते तिला बघायला."

मला त्या पैठणीचं काही ऐकायचं नव्हतं. मी विचारलं, "आणि आईंचं? काचेजवळ बसलं की मासे बिथरतात, ते?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायची गरज उरली नव्हती, म्हणून असेल, पण सरळ उत्तर दिलं.

"त्या दिवसभर बघत बसायच्या, वहिनी."

उज्ज्वला चहा घेऊन आली. सतीशभाऊ तिच्यादेखत म्हणाले, हवे असतील तर आत्ता पकडून देतो, परत न्या. ती बिचारी चमकून आम्हा दोघांकडे बघू लागली. मी नको म्हणाले. पुन्हा पकडायचं, पुन्हा पिशव्यांत कोंबायचं, पुन्हा नव्या पाण्यात सोडायचं, त्यात एखादा तरी गेलाच असता, आणि मग सतीशभाऊंचं म्हणणं खरं झालं असतं. चहा घेतला नाही. फराळाचा डबा तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जळगावला गेले. प्रमोद कामावर गेले होते, जाऊबाई मंगल स्वयंपाकात होती. आई अंगणात ऊन खात मेथी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. डब्यातून पट्टेवाल्याला सोडलं ते तुमचं खरं होतं, खेळतात ते खरं होतं, सगळं तुमचं खरं होतं. त्या मेथी निवडत राहिल्या.

"नवरदेव खातो का नीट?"

"खातो."

"मग राहू दे तिथंच. जिवंत आहेत ना."

"आई, चला घरी. तुमची खुर्ची मी पुन्हा आत ठेवलीय."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. माझ्यावर रागावलेल्या दिसत नव्हत्या. उलट चेहरा मऊ होता, आणि त्यामुळेच पुढचं मला जास्त लागलं.

"राग नाही गं माझा. तू काय करशील, त्यानं तुला फसवलं. पण मी येऊन करू काय? प्रमोद पहिल्याच महिन्यात न्यायला आला होता. मी थांबले ती त्या माशांसाठी. शिरीषचा हात लागलेलं तेवढंच हलतंडुलतं काहीतरी उरलं होतं. तुला वाटायचं, तुझ्यासाठी थांबलेय. मी ते तसंच वाटू दिलं. तुलाही बरं वाटत होतं. आता तिथं बघायला काय आहे?"

"पट्टेवाला आहे."

"एकटा," त्या म्हणाल्या, आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की बघायला काहीतरी असायला हवं. सतीशभाऊंनी यायचं बंद केलं होतं, मीही बोलावलं नाही. मीठ किती, पाणी कधी, दिवे किती वेळ, हे सगळं मी स्वतः शिकून घेतलं. जमलं. वाटत होतं तेवढं अवघड नव्हतं. प्रवाळ पुन्हा फुलले. मग थंडीत मुंबईला जाऊन हळद्याच्याच जातीचा एक छोटा पिवळा मासा घेऊन आले. फोनवर आईंना सांगितलं, तर त्यांचा आवाज एकदम बदलला. पेटीत ठेवलास ना आधी, असं त्यांनीच विचारलं. पेटीत ठेवला होता. शिरीष ठेवायचा तसाच, पुरे पंधरा दिवस. पट्टेवाला पेटीभोवती घिरट्या घालायचा, जाळीला तोंड लावायचा. ओळख करून घेतोय, असं मी समजले.

रविवारी सकाळी पेटी उघडली. पिवळा बाहेर आला, खडकाला वळसा घालून वाळूकडे निघाला आणि पट्टेवाला त्याच्यावर तुटून पडला. हे खेळणं नव्हतं. ते मला बघताक्षणी कळलं, आणि सतीशभाऊंनी दाखवलेलं त्यातलं काहीच आधी या टाकीत झालं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. इतके महिने एकटा राहून त्यानं ती अख्खी टाकी आपली करून टाकली होती. आता तिथं तो उशिरा आलेला पाहुणा नव्हता. मी जाळं घातलं, हात घातला, खडक हलवले, एक प्रवाळ मोडलं. तो फटीत शिरायचा आणि मी हात काढला की पुन्हा बाहेर. दुपारपर्यंत पिवळा मासा पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात श्वास घेत पडून होता. संध्याकाळी तो हलेनासा झाला, तेव्हा मी त्याला चमच्यानं उचलून बाहेर काढलं.

दिवे मालवायच्या आधी आईंचा फोन आला. त्या रविवारची त्यांनी आठवण ठेवली होती.

"सोडलंस का गं नव्याला? रुळला?"

"रुळला," मी म्हणाले.

"पट्टेवाला काय करतो?"

"काही नाही. दोघं मिळून फिरतात. हा पुढे, तो मागे."

"मी म्हणत नव्हते?" त्या म्हणाल्या. हसल्यासुद्धा. शिरीष गेल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. उन्हाळ्यात बघायला येते, म्हणाल्या. मी या म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी फोन यायचा आणि मी सांगत जायचे. पिवळा वाळूत झोपतो. पिवळ्यानं आज पट्टेवाल्याच्या तोंडचा घास पळवला. पिवळा वाढलाय, रंग गडद झालाय. माझ्या तब्येतीचं, बँकेचं त्या क्वचितच विचारायच्या. मलाही सांगायला तेच सोपं जायचं. सोमवार ते शनिवार मी रविवारी काय सांगायचं ते जुळवत असे. उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, मग दिवाळीत येते, म्हणाल्या. दिवाळीआधीच, भाद्रपदात, झोपेत गेल्या.

दहाव्याला जळगावात मंगलबरोबर अंगणात बसले होते. सतीश खैरनारांचा सांत्वनाचा फोन प्रमोदला आला होता, ते आत त्यांच्याशीच बोलत होते. मंगल म्हणाली, "आई रोज तुमच्या माशांचं सांगायच्या, वहिनी. शेजारपाजारच्यांनासुद्धा. त्या नव्या पिवळ्याला तर त्यांनी नावसुद्धा ठेवलं होतं."

काय ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही.